वाडे पडतात, वर्णन उरते : पुण्याच्या वारशाचे टिपणकार

१/
पुण्याच्या वारशाचा विषय निघाला की बोट आपोआप शनिवारवाड्याकडे वळते. परंतु दिल्ली दरवाज्यातून आत गेलेल्या माणसाला तेथे वाडा सापडत नाही. सापडतात ती जोती, कारंज्यांची कुंडे आणि हिरवळ. वाडा आज आहे तो कागदावर. हा धागा त्या कागदाविषयी आहे. शहर पडत असताना त्याची नोंद कोणी ठेवली, कोणाची ठेवली आणि कोणाची राहून गेली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

२/
शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. खर्च आला १६,११० रुपये. पुढे प्रत्येक पेशव्याने त्यात महाल वाढवले, चौक पाडले, कारंजी केली. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतले महाल जळाले. तटबंदी, बुरूज आणि दरवाज्यावरचा नगारखाना तेवढा राहिला. आत कोणता दिवाणखाना कोठे होता हे आज सांगता येते, याचे श्रेय उत्खननात उघड्या झालेल्या पायांइतकेच जुन्या कागदपत्रांनाही आहे.

३/
ते कागद टिकले त्यामागे इतिहासप्रेम फारसे नव्हते. १८१८ नंतर कंपनी सरकारच्या हाती पेशव्यांचे दप्तर आले. इनामे कोणाची, सारा किती, वतन खरे की खोटे, याचे निवाडे करण्यासाठी सरकारला ते हवे होते. म्हणून मोडीतले कागद कापडात बांधून जपले गेले. त्या गाठोड्यांना दप्तरी भाषेत ‘रुमाल’ म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे हजारो रुमाल आजही आहेत. महसुलाच्या गरजेने इतिहासाची राखण केली, ती अशी.

४/
परंतु हे दप्तर अभ्यासकांना दीर्घ काळ मोकळे नव्हते. त्यामुळे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यासारख्या माणसाला दुसरा मार्ग धरावा लागला. त्यांनी जुन्या घराण्यांचे वाडे, माळे आणि पेटारे धुंडाळले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. सरकारी दार बंद होते म्हणून इतिहास घराघरांत शोधला गेला, आणि माळ्यावरचा कागद हेही इतिहासाचे साधन असते हा संस्कार मराठी वाचकाला मिळाला.

५/
७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. मराठ्यांच्या राज्याचा इतिहास अशा रीतीने उभा राहिला. मात्र राज्याचा इतिहास आणि शहराचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहिमांची पत्रे सापडतात. कोणत्या आळीत कोण राहत होते हे शोधायला निराळी नजर लागते.

६/
ती नजर मराठीत तशी जुनीच आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १८६८ साली ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ आले. आपण राहतो ते शहर लिहून ठेवण्याजोगे आहे, असे या माणसांना वाटले, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आज हातातल्या फोनवर आपल्या पेठेविषयी चार ओळी लिहिणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, याच परंपरेत बसतो.

७/
१८६८ हे साल येथे जरा थांबून पाहावे असे आहे. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. एकाच वर्षी शहराचे वर्णन छापले जाते आणि त्याच शहरात एक हौद खुला करणे ही क्रांती ठरते. पुण्याचा वारसा समजून घ्यायचा तर ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावी लागतात. आणि हौदाचे मोल कळण्यासाठी आधी पुण्याचे पाणी कळावे लागते.

८/
अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तेथून शहरापर्यंत बांधीव नळ आणला गेला. जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत येई. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवलेले असत. त्यांतून हवा खेळे, आणि गाळ काढण्यासाठी माणसाला उतरता येई. हे पाणी पेशव्यांच्या वाड्यात आणि शहरातल्या हौदांत पोहोचे. पुण्यातले हे सर्वांत मोठे बांधकाम कोणाच्या डोळ्यांना दिसत नसे, कारण ते पायांखाली होते.

९/
काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला हौद. यांतली काही नावे आता चौकांची आणि थांब्यांची झाली आहेत. पाणी गेले, पत्ता राहिला. खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात झाले आणि नळाचे पाणी आले, तसे हौदांचे महत्त्व ओसरत गेले. परंतु हौद असताना त्यावर घागर घेऊन कोणी यावे आणि कोणी दूर उभे राहावे, हे जातीने ठरवलेले होते. नळाची अभियांत्रिकी कौतुकास्पद आहे. तिचे कौतुक करताना ही रांग वगळली तर नोंद अर्धीच राहते.

१०/
बुधवार पेठेच्या परिसरातला ‘बाहुलीचा हौद’ ही रांग आठवण्यास भाग पाडतो. सत्यशोधक चळवळीतले नामांकित शल्यवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली गेलेल्या काशी या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. तिच्या मृत्यूविषयी शहरात एक भीषण कथा सांगितली जाते आणि मुलींच्या शिक्षणाला असलेल्या विरोधाशी तिचा संबंध जोडला जातो. ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. घोले रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे घोले कोण ते ठाऊक असेल?

११/
दगडविटांखेरीज वारशाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे नावे. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, भांग्या मारुती, उपाशी विठोबा. बाहेरगावच्या माणसाला यात पुणेरी तिरकसपणा दिसतो. प्रत्यक्षात यांतली काही नावे म्हणजे बाजाराचा नकाशा आहे. विठोबाच्या देवळाजवळ पासोड्या विकल्या जात, मारुतीशेजारी जिलब्यांचे दुकान होते, अशी त्यांची परंपरागत उपपत्ती आहे. दुकाने गेली, बाजार हलला. देवांनी मात्र गिऱ्हाइकांची आठवण धरून ठेवली.

१२/
पेठांचेही तसेच. वारांची नावे रुळण्यापूर्वी सोमवार पेठ शहापूर होती, रविवार पेठ मलकापूर होती, मंगळवार पेठ अष्टापूर होती. औरंगजेबाच्या मुक्कामाच्या काळात वसलेली बुधवार पेठ मोहियाबाद म्हणून ओळखली जाई. शहराच्या अंगावर अशा नावांचे थर असतात. वरचा थर खरवडला की खालचा दिसतो, आणि कोणताही एकच थर ‘खरे पुणे’ म्हणून दाखवणे किती धाडसाचे आहे हे ध्यानात येते. कसब्याचा इतिहास पेशव्यांच्याच काय, शहाजीराजांच्याही आधी सुरू होतो. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत या परिसराचे नाव आढळते.

१३/
कसब्यातल्या आळ्यांची नावे धंद्यांची आहेत : तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, शिंपी आळी, कागदीपुरा. तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालते. हातोडीचे एकसारखे ठोके पडत जातात आणि पत्रा घट्ट व चमकदार होत जातो. कागदीपुऱ्यात कागद करणारे कारागीर राहत. ज्या कागदावर राज्याचा इतिहास लिहिला गेला, तो कागद करणाऱ्यांचे नाव त्या इतिहासात क्वचितच येते. ते आळीच्या पाटीवर आहे. पाटी बदलली की तेही जाईल.

१४/
राज्याच्या इतिहासाकडून घरगुती इतिहासाकडे वळण्याचे काही मोठे प्रयत्न पुण्यात झाले. नारायण गोविंद चापेकर यांनी जमाखर्चाच्या कागदांवरून ‘पेशवाईच्या सावलीत’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९३७ साली निघाला. त्यात लढाया नाहीत. भाव आहेत, मजुरी आहे, कापड आहे, सणवार आहेत. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुण्याची सामाजिक व आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. शहर म्हणजे त्यातली घरे आणि त्या घरांची मिळकत, हे त्या पाहणीने आकड्यांत मांडले.

१५/
लेखणीऐवजी पेटाऱ्यात नोंद ठेवणारा एक माणूसही याच शहरात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, गंजिफा, भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. तलवारी जमवणारे पुष्कळ असतात. अडकित्ता हीदेखील संस्कृतीची खूण आहे, हे ओळखणारा विरळा.

१६/
आता वाड्यांकडे वळू. पुणेरी वाडा म्हणजे दगडी जोते, सागवानी सांगाडा, विटामातीच्या भिंती आणि वर कौले. दिंडी दरवाजातून आत गेले की चौक, तुळशीवृंदावन, ओटी, माजघर, देवघर. ही रचना ऊन आणि पाऊस उत्तम पेलते, पण तिला सतत हात लावावा लागतो. कौले चाळावी लागतात, मातीच्या भिंती लिंपाव्या लागतात, वाळवीवर लक्ष ठेवावे लागते. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की तुळईत पाणी मुरते. वाडा सहसा एका दिवसात पडत नाही. तो वर्षानुवर्षे पडत असतो.

१७/
दुर्लक्षाची कारणे स्पष्ट आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ गोठली. महिन्याच्या भाड्यात डागडुजीचा एक दिवसही निघत नाही म्हणून मालकाने हात आखडला. घर आपले नाही म्हणून भाडेकरूनेही खर्च टाळला. वारसांची संख्या वाढत गेली, वाद न्यायालयात गेले. दर पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या नोटिसा येतात, धोकादायक वाड्यांच्या याद्या निघतात, टेकू लागतात. मग एके दिवशी विकसकाशी करार होतो आणि सागवानी खांब जुन्या लाकडाच्या बाजारात दिसतात.

१८/
त्याआधीचा मोठा घाव १२ जुलै १९६१ चा. पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठांत शिरले. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. पूरग्रस्त कुटुंबे गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत गेली. पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये अनेकांचे संसार पुन्हा उभे राहिले. वाड्यांबरोबर किती पेटारे, किती वह्या, किती कुंडल्या वाहून गेल्या याचा हिशेब कधीच होणार नाही. नोंद घरातच असली की घराबरोबर जाते, हा त्या पुराचा धडा आहे.

१९/
मग प्रत्येक वाडा जपावा काय? येथे सावध राहावे लागते. चौकातल्या प्राजक्ताविषयी लिहिणे सोपे आहे. बारा बिऱ्हाडांत एक नळ आणि सकाळची रांग यांविषयी लिहिणे अवघड आहे. गळक्या छपराखाली तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला पक्के घर हवे असेल, तर त्याला वारशाचा शत्रू म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. जतनाचा खर्च ज्याने उचलायचा त्याला मदत नाही, आणि उपदेश मात्र सर्वांकडून, अशी आजची स्थिती आहे. वारसायादीत श्रेणी मिळाल्याने गळती थांबत नाही.

२०/
या प्रश्नाची सर्वांत बोचरी बाजू भिडे वाड्याने दाखवली. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतल्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. समोरच दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर. रोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात. वाड्यात मात्र दुकाने होती, वरचे मजले खचत होते. स्मारकाची मागणी, जागेचे वाद आणि खटले वर्षानुवर्षे चालले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि डिसेंबरच्या सुरुवातीस तो जीर्ण वाडा पाडण्यात आला. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे ठरले आहे.

२१/
स्मारक होईल ते योग्यच. पण ज्या भिंतींनी ती शाळा पाहिली त्या आता नाहीत. मग त्या शाळांचे काय उरले? उरले ते कागद. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला, ही नोंद उरली. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेल्या वाड्यात, पेशवाई संपल्यावर ३४ वर्षांनी, एका माळी समाजातल्या तरुणाचा शिक्षणकार्यासाठी गौरव होतो. विश्रामबागवाड्याच्या कोरीव सज्जाकडे पाहताना सुरूच्या खांबांइतकाच हा दिवसही आठवायला हवा.

२२/
आणि उरला तो एक निबंध. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि ‘ज्ञानोदय’ने ते १८५५ साली छापले. ती कोणत्या खोलीत बसून शिकली, तिची पाटी कशी होती, ते काही हाती नाही. पण तिने काय विचारले ते हाती आहे. छापणाऱ्याने ते छापले नसते तर आज तिचे नावही कोणाला कळले नसते. नोंद म्हणजे काय आणि ती न झाल्यास काय गमावते, याचा याहून मोठा दाखला पुण्यात शोधूनही सापडणार नाही.

२३/
म्हणून शहराविषयी लिहिणाऱ्या हौशी माणसांची जबाबदारी त्यांना वाटते त्याहून मोठी आहे. त्यांच्या वाटेतला पहिला खड्डा आख्यायिकांचा. सशाने कुत्र्यांना पळवले म्हणून येथे वाडा बांधला, ही कथा शनिवारवाड्याची म्हणून सांगतात. तीच कथा विजयनगरची आहे आणि अहमदाबादचीही आहे. ‘ध’चा ‘मा’ तर म्हणच होऊन बसला. दंतकथा टाकून देऊ नयेत. शहराने स्वतःविषयी काय मानले ते त्यांतून कळते. परंतु दंतकथा दंतकथेच्या खणात ठेवावी आणि कागद कागदाच्या.

२४/
दुसरा खड्डा निवडीचा. पुण्याचे बहुतेक हौशी लेखन सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांभोवती फिरते. वाडा, गणेशोत्सव, मिसळ, पाट्या. हे सारे प्रिय आहे आणि राहावे. पण गंज पेठ, भवानी पेठ, नाना पेठ, रास्ता पेठ, लष्कर येथील चाळी, तालमी, दर्गे, देवळे, अगियारी, चर्च, छापखाने, भुसारी दुकाने यांची नोंद कोण ठेवणार? तेथील माणसे स्वतः लिहू लागली तरच हे वर्णन पुरे होईल. दुसऱ्याने आपली नोंद ठेवावी म्हणून वाट पाहणाऱ्यांचे काय होते ते कागदीपुऱ्याने दाखवले आहे.

२५/
वाडा पाडला जाणार हे कळल्यावर काय टिपावे? दर्शनी भागाची छायाचित्रे बहुतेक जण काढतात. तेवढ्याने भागत नाही. चौकाची मापे, खोल्यांचा साधा आराखडा, विहीर किंवा हौद, भिंतीतला शिलालेख, दारावरची तारीख, कोनाडे, चुलीची जागा टिपावी. शेवटचे भाडेकरू कोण, त्यांचा व्यवसाय काय, ते किती साली आले आणि कोठे निघाले, हेही टिपावे. आजीला विचारावे की पाणी कोठून भरत आणि कोण भरत. सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव आणि दिनांक लिहावा. आज क्षुल्लक वाटणारी हीच माहिती पन्नास वर्षांनी कोणीतरी शोधत येतो.

२६/
शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घर आवरताना, वाडा सोडताना किंवा वाटण्या होताना मोडीतले कागद, जुन्या वह्या, पोथ्या, भाडेपावत्या, शाळेचे दाखले निघतात आणि बहुधा रद्दीत जातात. ज्यांच्या हाती असे काही येईल त्यांनी ते रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्यापूर्वी भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा एखाद्या मोडीवाचकाला दाखवावे. निदान प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि कोणत्या घरातून, कोणत्या आळीतून ते मिळाले हे सोबत लिहून ठेवावे. ठिकाण न लिहिलेला कागद अर्धा हरवलेलाच असतो.

धागा समाप्त.